पाचवा चिमटा

टाबोर क्रीकच्या शाळेत लेलंड वाव्रा वर्षभर सुतारकाम शिकवायचा आणि ऑगस्ट उजाडला की फुटबॉल संघाच्या बचावाची पुढची फळी सांभाळायचा. नेब्रास्कात फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू काखेत मारून पळायचं आणि पळणाऱ्याला आडवं करायचं; दुसरा कुठला फुटबॉल असतो हे तिथे कुणाला सांगायला जाऊ नये. फळीत चौघे. एक हात जमिनीवर टेकवून ते ओणवे होतात आणि चेंडू हलला की समोरच्या तेवढ्याच धिप्पाड पोरांवर धडकतात. पाच सेकंदांत डाव संपतो, अर्ध्या मिनिटात पुढचा सुरू. असे सहा डाव झाले की पोरगा धापा टाकायला लागतो आणि धापा टाकणारा पोरगाच मोडतो, असं लेलंडचं ठाम मत होतं. हे मत त्याने पुस्तकातून उचललेलं नव्हतं. त्याचा स्वतःचा उजवा गुडघा चाळीस वर्षांत पुरता वाकलेला नाही. त्याच्या काळी दमलो म्हणून बाहेर येणाऱ्याला आठवडाभर ‘आजीबाई’ म्हणत. लेलंड बाहेर आला नव्हता. शेवटी चौघांनी उचलून आणला तेव्हा आला.

म्हणून त्याने चिमटे काढले. बायकोच्या दोरीवरचे, कपडे वाळत घालायचे साधे लाकडी चिमटे. प्रत्येकावर सुताराच्या पेन्सिलीने एकेका पोराचा नंबर. मैदानातल्या पोरांचे चिमटे जाकिटाच्या डाव्या कडेला, बाहेर बसलेल्यांचे उजव्या कडेला. सहा डाव झाले की डावीकडचा एक उजवीकडे आणि उजवीकडचा एक डावीकडे. पोरं जाकिटाकडे बघून आपसूक आतबाहेर करायची, ओरडावंही लागायचं नाही. गावाने अर्थातच खिल्ली उडवली. पेट्रोल पंपावर, चर्चच्या पायऱ्यांवर, जिथे दिसेल तिथे लोक विचारत, “काय लेलंड, वाळलं का धुणं?” लेलंड म्हणायचा, “वाळतंय की. तुझं पाठवून दे, तेही टांगतो.”

या पद्धतीत एकच माणूस त्याच्या वरचढ होता, ती म्हणजे डोरीन. शाळेतल्या खेळाडूंची दुखणीखुपणी बघणारी, ठेंगणी, कडक बाई. कुणाला खेळू द्यायचं नाही असं तिने ठरवलं की ती सरळ लेलंडच्या जाकिटावरचा त्याचा चिमटा उचकटायची आणि स्वतःच्या बाहीला लावायची. डोरीनच्या बाहीवर गेलेला चिमटा सोडवून आणायची हिंमत मुख्य कोचलाही नव्हती.

शिवाय लेलंडचा एक रिवाज होता, आणि त्याचा त्याला अभिमान होता. रोज सराव संपला की तो फळीला रांगेत उभं करायचा आणि विचारायचा, “दमलंय कोण? दुखतंय कुणाला? लाजायचं नाही, बोला.” रोज सगळे एका आवाजात ओरडायचे, “कुणालाच नाही, कोच!” आपली पोरं आपल्याशी खरं बोलतात या समाधानात लेलंड घरी जायचा.

ऑगस्टमध्ये आठ चिमटे होते. ऑक्टोबर संपता संपता एकाचा खांदा निखळून, एकाचा गुडघा मुरगळून आणि एकाचं डोकं धडकून तिघे डोरीनच्या बाहीवर गेले. उरले पाच. चौघे खेळणारे आणि पाचवा व्हर्जिल डोस्टल.

व्हर्जिलबद्दल वाईट बोलावं असं काही नव्हतं, हीच त्याची अडचण होती. चार वर्षं तो सरावाला एक दिवस चुकला नव्हता. इतरांनी धडका माराव्यात म्हणून ती मोठी गादीची पिशवी छातीशी धरून उभा राहायचा आणि दिवसाला शंभर धडका खायचा. पण सामन्यात चेंडू उजवीकडे गेला की हा डावीकडे निघायचा. म्हणून पुरेशी पोरं होती तोवर त्याचा चिमटा क्वचितच डावीकडे यायचा. मागच्या शनिवारी लेलंडने अगदी हिशोबाप्रमाणे, सहा डाव संपले म्हणून, शेवटच्या मिनिटाला त्याला आत पाठवलं. समोरच्यांनी चेंडू व्हर्जिलच्या अंगावरून नेला आणि सामना गेला.

सोमवारी मुख्य कोच गँट्झ सुतारकामाच्या खोलीत आला. वीस वर्षांपूर्वी त्याच खोलीत त्याने लेलंडच्या हाताखाली एक लंगडं स्टूल बनवलं होतं, त्यामुळे आवाज चढवणं त्याला जड जात असे.

“लेलंड, रागावू नका, पण हा शनिवार जिंकलो तर बाद फेरी. हरलो तर घर. तुमचं धुणं या वेळी घरी ठेवा.”

“म्हणजे?”

“म्हणजे चौघे पूर्ण सामना खेळतील. कुणी खरोखर जायबंदी झाला तरच व्हर्जिल. नाहीतर नाही.”

“चौघं साठ डाव? अरे, ती पोरं आहेत की बैल?”

“एमेट तर स्वतःहून कधी बाहेरच येत नाही. त्याला कुठे काय झालंय?”

लेलंडला नेमकी त्याचीच काळजी होती. एमेट कुबिचेक हा फळीचा कणा होता. बापाच्या गोठ्यावर वाढलेला, बोलायला महाग आणि ढकलायला अवघड. तो कायम उजवा हात टेकवून ओणवा व्हायचा. गेले दहा-बारा दिवस डावा टेकवत होता. पाणी डाव्या हाताने पीत होता. उजव्या मनगटाला पट्टी आधी डोरीनकडून बांधून घ्यायचा, आता स्वतःच बांधून यायचा. लेलंडने तीनदा, रांगेत, सगळ्यांसमोर स्पष्ट विचारलं होतं, “एमेट, हाताला काय झालंय?” तिन्ही वेळा तो म्हणाला, “काही नाही, कोच. वासराला बाटली पाजताना आखडला.” डोरीनने दाबून पाहिलं तर हा दात दाखवत उभा राहिला. सूजही नव्हती. तेवढ्यावरून कुणाला कसं बसवणार?

म्हणजे शनिवारी दुखरा हात घेऊन साठ डाव, आणि मध्ये श्वास घ्यायलाही बाहेर यायची सोय नाही. लेलंडला आठवडाभर जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, “एवढं आहे तर नाही म्हण गँट्झला.” पण सामना आपल्याच चिमट्याने घालवलेला, नाही म्हणायला तोंड कुठलं?

शनिवारी दुपारी एक वाजता सामना सुरू झाला. कापून झालेल्या मक्याच्या शेतांवरून वारा येत होता. पोरांच्या आया चिलीच्या, म्हणजे राजमा-खिम्याच्या तिखट रश्श्याच्या, वाट्या आणि दालचिनीचे गोड रोल विकत होत्या. लेलंडने चिमटे आणलेच होते, चार डावीकडे आणि एक उजवीकडे, पण हात लावायचा नाही असं ठरलं होतं. डाव मात्र तो मनात मोजत होता. सहा. बारा. अठरा. एमेट डावा हात टेकवत होता, आदळत होता, उठत होता. प्रत्येक वेळी तो उठला की लेलंड श्वास सोडायचा.

अर्धा सामना झाला तेव्हा टाबोर क्रीक चार गुणांनी पुढे होतं. व्हर्जिल कोरड्या कपड्यात बाकावर बसून सगळ्यांना पाणी देत होता.

तिसऱ्या भागात दुसऱ्याच डावाला इग्नासिओ बरेरा कोसळला. फळीतला सगळ्यात बडबड्या पोरगा, त्याच्या बापाची गावात टाकोची गाडी. दोन्ही हातांनी पोटरी धरून तो असा बोंबलत होता की मक्याच्या शेतातले कावळे उडाले. लेलंडला वाटलं, झालं, चौघांतला एक गेला. पंचाने घड्याळ थांबवलं. अशा वेळी जायबंदी खेळाडूला निदान एक डाव तरी बाहेर बसावंच लागतं, असा नियम. डोरीनने त्याला काखेला आधार देऊन बाहेर आणलं. लेलंडने पाचवा चिमटा डावीकडे लावला. व्हर्जिल धावत आत गेला, कुणाच्या तरी अंगावर आपटला, डाव संपला, आणि इग्नासिओ खारीसारखा टुणकन उठून परत मैदानात पळाला.

लेलंड बघतच राहिला. डोरीन तणतणत त्याच्याजवळ आली.

“लेलंड, त्या कार्ट्याच्या पायाला काहीही झालेलं नाही.”

“मग ओरडत का होता?”

“मी पोटरी दाबतेय आणि हा मान वर करून विचारतोय, ‘मिस डोरीन, व्हर्जिल गेला का आत? गेला का?’ मी म्हटलं, गेला. लगेच बरा झाला. कान धरला तेव्हा कबूल झाला.”

“काय कबूल झाला?”

“अक्षर, लेलंड! शाळेचं अक्षर!”

तेव्हा कुठे लेलंडच्या डोक्यात प्रकाश पडला. हंगामात दहा भागांत एकेक डाव तरी खेळलेल्यालाच शाळेचं कापडी अक्षर मिळतं, जाकिटावर शिवायचं, मोठं निळं टी. सामन्याचे चार भाग, त्यांतला जितक्यांत पाय ठेवाल तितके मोजायचे. व्हर्जिलचे आठ झाले होते. हा शेवटचा साखळी सामना, आणि बाद फेरी त्यात धरत नाहीत. डोस्टलांच्या घरात आजोबांचं अक्षर आहे, बापाचं आहे, व्हॉलीबॉल खेळणाऱ्या बहिणीचंही आहे. अक्षर नसलेले घरात दोघेच, व्हर्जिल आणि कुत्रा. लेलंडने डाव मोजले, श्वास मोजले, आणि या पोराचे भाग मोजायला विसरला. ते मोजले त्याच्या सोबतच्या चौघांनी.

“म्हणजे अजून एक भाग हवाय त्याला,” लेलंड म्हणाला.

“हवाय ना. चौथ्या भागात आणखी एक महाशय पडणार आहेत, गुडघा धरून. नाव सांगत नाही म्हणे. मी या सगळ्यांना रांगेत उभं करून खरोखरच पाडणार आहे!”

“गँट्झला सांगितलंस?”

“तू सांग. तुझी पोरं.”

लेलंडने गँट्झकडे पाहिलं. तो हाताची घडी घालून आकाशाकडे बघत होता, बहुधा प्रार्थना करत. लेलंडने त्याला प्रार्थना करू दिली. हे लबाडीचं होतं, पंचांशी खोटं वागणं होतं, सोमवारी झाडायला हवं होतं, सगळं खरं. पण आठवड्यात पहिल्यांदा त्याच्या छातीवरचा दगड हलला. पोटरीला काही झालं नव्हतं. पोरं धडधाकट होती. नुसती नाटकी होती. त्याने एक दालचिनीचा रोल मागवला आणि दोन घासांत संपवला.

चौथा भाग सुरू झाला. सात मिनिटं उरली असताना चौघांपैकी एक जण डाव्या गुडघ्याला विळखा घालून मातीत पडला. तो एमेट होता.

लोक बाकांवरून उठले. गँट्झने टोपी जमिनीवर आपटली. लेलंड मात्र गालातल्या गालात हसत, आपला गुडघा ओढत, सावकाश मैदानात गेला. चार वर्षांत स्वतःहून कधी बाहेर न आलेला हा पोरगा नाटकाला कसा उभा राहिला, याचंच त्याला कौतुक वाटत होतं. डोरीन आधीच वाकून बसली होती.

“गुडघा का?” तिने कोरड्या आवाजात विचारलं.

“हो, मिस डोरीन. गुडघा.”

“बरं. फार दुखतोय?”

“बराच.”

“अरेरे,” लेलंड म्हणाला. “ऊठ, लबाडा. व्हर्जिल निघालाय.” आणि उठवायला म्हणून त्याने एमेटचा उजवा हात पंजाने धरला आणि ओढला.

एमेट ओरडला. इग्नासिओसारखा बोंबलत नव्हे. तो एकदाच ओरडला, मग त्याचा आवाजच गेला आणि तोंड पिठासारखं पांढरं पडलं. लेलंडने हात असा सोडला की जणू निखाऱ्याला लागला होता. गुडघा धरून पडलेला पोरगा आता मनगट छातीशी घेऊन बसला होता. डोरीनने काही न बोलता कात्री काढून पट्टी उभी कापली. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळग्यावर तिने एक बोट टेकवलं, नुसतं टेकवलं, आणि एमेटच्या डोळ्यांतून पाणी आलं.

“कधीपासून?” तिने विचारलं.

एमेटने मान खाली घातली. “सोळा दिवस.”

डोरीन उठली. लेलंडच्या जाकिटाच्या डाव्या कडेचा एमेटचा चिमटा तिने काढला आणि स्वतःच्या बाहीवर लावला. एमेटने त्या चिमट्याकडे पाहिलं. लेलंडला वाटलं होतं की आता हा भांडेल, एक डाव बाहेर बसून परत जातो म्हणेल. एमेटने फक्त डोळे मिटले आणि केवढा तरी मोठा श्वास सोडला. सोळा दिवस कोंडलेला श्वास होता तो.

गँट्झ ओरडत आला, “एक डाव, ना? एका डावानंतर परत?”

“चिमटा माझ्याकडे आहे,” डोरीन म्हणाली. गँट्झ परत गेला.

आता सामन्याचं बघायला हवं होतं. व्हर्जिल एमेटच्या जागेवर उभा होता आणि त्याला वाटत होतं की एका डावाचं काम आहे. लेलंडने त्याला बाजूला घेतलं.

“पोरा, तुझा एक डाव नाही. शेवटपर्यंत तूच आहेस.”

व्हर्जिलचा चेहरा पडला. “कोच, तसं ठरलं नव्हतं.”

“काय ठरलं होतं ते मला सगळं कळलंय. ऐक. कुणाला पकडायला जाऊ नको. इकडेतिकडे धावू नको. सरावात पिशवी धरून उभा राहतोस ना? तसाच उभा राहा. धडका खा आणि जागा सोडू नको.”

“फक्त धडका खायच्या?”

“फक्त धडका.”

“ते जमेल,” व्हर्जिल म्हणाला, आणि तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला.

समोरच्यांना मागच्या शनिवारची बातमी लागलेली असणारच. त्यांनी एकामागून एक डाव व्हर्जिलवरच टाकला. दोघे दोघे येऊन आदळायचे. चार वर्षांत ज्याने रोज शंभर धडका खाल्ल्या त्याला हे नवीन नव्हतं. तो पाडला जायचा, पण पडताना दोघांना अंगाखाली घेऊन तिथेच पडायचा, आणि चेंडूवाला त्या ढिगाऱ्याला अडखळून थांबायचा. शोभा काही नव्हती. शेवटच्या मिनिटाला चेंडू टाबोर क्रीकच्या रेषेपासून तीन पावलांवर येऊन ठेपला; चार डावांत तो पलीकडे गेला की सामना त्यांचा, नाहीतर आपला. तीन डाव झाले, तीनही वेळा तोच ढिगारा. चौथ्याला वरून इग्नासिओने उडी मारली, आणि पंचाने ढिगारा उपसला तेव्हा चेंडू रेषेच्या अलीकडे होता. सगळ्यात तळाशी व्हर्जिल सापडला. त्याने विचारलं, “हा चौथा भागच ना?”

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते लेलंडला त्या दुपारी कळलं. मैदानावर सगळे नाचत होते आणि तो बाकावर बसून रडत होता, ते जिंकलो म्हणून नव्हे.

तालुक्याच्या डॉक्टरने फोटो काढला. मनगटातलं एक छोटंसं हाड, काजूएवढं, चिरलं होतं. चीर अजून सरकलेली नव्हती. डॉक्टर म्हणाला, आणखी दोन-चार सामने खेळला असता तर ते आतल्या आत मेलं असतं आणि हा हात उभ्या आयुष्यात बादली उचलू शकला नसता. आता तीन महिने प्लास्टर, मग हात जसाच्या तसा. एमेटच्या आईने लेलंडला फोनवर हे दोनदा सांगितलं आणि त्याने दोन्ही वेळा नीट ऐकून घेतलं.

सोमवारी लेलंडने आधी सगळ्यांना यथेच्छ झाडलं. मग इग्नासिओला मागे थांबवलं.

“एमेटला पडायला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही, कोच. मी म्हटलं होतं, दोन्ही वेळा मीच पडतो, मला छान जमतं. तर एमेट म्हणाला, चौथ्या भागात मी. आम्ही हसलो. तो म्हणाला, मला पडू द्या रे. दोनदा म्हणाला.”

लेलंडने हातातला रंधा खाली ठेवला. स्वतःसाठी ज्याला हात वर करता आला नाही, त्याला व्हर्जिलसाठी पडता आलं.

दुपारी एमेट प्लास्टर घेऊन दारात उभा राहिला.

“मला का नाही सांगितलंस?” लेलंडने विचारलं. “तीनदा विचारलं मी.”

एमेटने प्लास्टरचा हात दाराच्या चौकटीला टेकवला. मग म्हणाला, “विचारलंत, कोच. पण तिन्ही वेळा सगळे ऐकत होते.”

एवढंच बोलून तो गेला. लेलंडला ते असं लागलं की तो स्टुलावर बसला. चाळीस वर्षांपूर्वी त्यालाही असंच विचारलं होतं, रांगेत, सगळ्यांसमोर. आणि तोही ओरडला होता, कुणालाच नाही.

त्याच संध्याकाळी त्याने सुतारकामाच्या खोलीतल्या लाकडांच्या कपाटात, आतल्या बाजूला, एक तार ताणली. दार लावलं की बाहेरून काही दिसत नव्हतं. डाव्या टोकाला उरलेल्यांचे चारही चिमटे लावले. मंगळवारी पोरांना म्हणाला, “यापुढे रांगेत विचारणार नाही. दुखत असेल त्याने कधीही जावं आणि आपला चिमटा उजवीकडे सरकवावा. मी रोज सकाळी बघेन. कुणाला सांगणार नाही.”

“कोच, कपाटात धुणं?” इग्नासिओ म्हणाला. सगळे हसले. लेलंडही हसला.

बुधवारी सकाळी त्याने कपाट उघडलं तर एक चिमटा उजवीकडे होता. छातीत धस्स झालं, आणि पाठोपाठ इतकं बरं वाटलं की त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्याने चष्मा लावून नंबर वाचला. इग्नासिओचा. त्याने त्याला गणिताच्या तासातून बोलावून घेतलं. पोरगा एकेक पाऊल जपून टाकत आला.

“काय रे, काय झालं?”

“कोच, हसणार नाही ना?”

“नाही.”

“शनिवारी मी खोटा पडलो ना, तेव्हा... घोटा खरंच मुरगळला. पोटरी धरली होती, त्यामुळे कुणाला सांगू? सगळ्यांना माहीत आहे की मी नाटक केलं.”

लेलंडने दिलेला शब्द पाळायचा खूप प्रयत्न केला. ओठ आवळले, खिडकीकडे तोंड केलं, पण नाहीच जमलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत तो हसला, आणि इग्नासिओही हसायला लागला.

त्या शनिवारी बाद फेरीत ते सपाटून हरले. एमेट नाही, इग्नासिओ नाही, चौथा दुसऱ्या फळीतून उसना घेतलेला, मग काय होणार? व्हर्जिल पूर्ण सामना खेळला, अंगभर निळाकाळा झाला आणि पुढच्या आठवड्यात त्याच्या आईने जाकिटावर अक्षर शिवलं. पण ते नंतर. बुधवारी सकाळी हसणं आवरल्यावर लेलंडने कपाट लावलं, पोराचा हात आपल्या खांद्यावर घेतला, आणि एक घोट्याने आणि एक गुडघ्याने लंगडत, दोघे डोरीनच्या खोलीकडे निघाले.